देकामावशी बोट देत नाही

नैरोबीपासून लांब, सरहद्दीजवळच्या हर-गुदूद गावात देकामावशीच्या दुकानात शिरायचं म्हणजे आधी आपला फोन दारातल्या पिठाच्या डब्यात टाकायचा. डबा पत्र्याचा, झाकण घट्ट. आतलं बोलणं फोनने ऐकू नये म्हणून ही तजवीज. "मावशी, माझं बोलणं ऐकून कुणाला काय मिळणार? मी उंटांबद्दल बोलतो," असं एखादा गुराखी म्हणाला की तिचं उत्तर तयार असे. "उंट किती आहेत, हे कर लावणाऱ्याला हवंच असतं." मग गुराखी निमूटपणे फोन डब्यात टाकी.

गंमत अशी की दुकान होतं सायबरचं. तीन संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि वर तापणारा पत्रा. सरकारने सगळे अर्ज इंटरनेटवर नेल्यापासून जन्माचा दाखला असो, गाडीचा परवाना असो, गाव तिच्याच दारात उभं. जगातल्या ज्या गोष्टीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, तिच्यावरच तिचं पोट होतं. तिन्ही संगणकांच्या कॅमेऱ्यांवर तिने जखमेला लावायच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. गिऱ्हाईक पासवर्ड मोठ्याने सांगू लागलं की ती कानांवर हात ठेवी. "मला नको सांगूस. उद्या तुझे पैसे गेले तर पहिली आठवण माझी येईल तुला." मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राही आणि गिऱ्हाईक एकेक अक्षर शोधत बसे. रांग वाढे, लोक वैतागत, पण दुसरं सायबर साठ किलोमीटरवर होतं.

आणि बोट तर ती कुणालाच देत नसे. बोट दिलं की हात धरतात, हे तिचं ठाम मत. फोनचं कुलूप ती आकडे दाबून उघडी. बँकेने बोटाचा ठसा मागितला तेव्हा तिने बँकच सोडली. ओळखपत्रासाठी तरुणपणी एकदा दिला होता, पण तो शाईने, कागदावर. "तो कागद एव्हाना वाळवीनं खाल्ला असेल," ती सांगे. "वाळवी न्यायी असते, गरिबाचं-श्रीमंताचं सारखंच खाते. संगणकाला वाळवी लागत नाही, हेच त्याचं वाईट." आम्ही हसत असू. विधवा बाई, मूलबाळ नाही, एकटीच्या डोक्यात काहीबाही येतं, असं गावाने ठरवून टाकलं होतं.

तीन-चार वर्षांपूर्वी चीफने, म्हणजे सरकारने नेमलेल्या गावप्रमुखाने, बाभळीखाली सभा भरवली. नैरोबीहून मुसेम्बी नावाचे अधिकारी आले होते, इस्त्रीचा शर्ट आणि कपाळावर घाम. त्यांनी समजावून सांगितलं की प्रत्येक माणसाला आता एक नंबर मिळणार, त्या नंबराखाली बोटं, डोळे, जन्म, सगळं राहणार. पंचेचाळीस दिवसांत नोंद करा, नाहीतर दवाखाना नाही, शाळा नाही, फोन नाही. काही शंका? असं त्यांनी विचारलं, आणि असं विचारायचं नसतं हे चीफने त्यांना आधी सांगायला हवं होतं.

देकामावशी उठली. "साहेब, त्यात काही चुकीचं लिहिलं गेलं, तर खोडरबर कुठल्या खोलीत मिळेल?"

"संगणक चुकत नाही, बाई."

"नसेल चुकत. पण त्यात लिहिणारा माणूस असतो. त्याला भूक लागते, झोप येते, शुक्रवारी घरी जायची घाई असते. तो चुकत असेल."

"ज्याला काही लपवायचं नाही, त्यानं घाबरायचं कारण नाही," मुसेम्बी म्हणाले.

"तुमच्या तंबूला पडदा आहे. मी येताना पाहिला. चांगला जाड आहे," ती म्हणाली आणि खाली बसली.

सगळी सभा हसली. साहेबही ओशाळवाणं हसले. चीफ मात्र पुढचे आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. एवढं हसून झाल्यावर तिच्याखेरीज गावाने झाडून नोंद केली (बोटं तेव्हा नुसती साठवली, ताडली नाहीत), अर्ज देकामावशीनेच भरून दिले. तिचं वेड निरुपद्रवी आहे असं आम्ही धरून चाललो होतो. ते वेड कुठून आलं हे गावातल्या काही घरांना माहीत होतं, पण ती घरं तोंड उघडत नव्हती.

त्यातलं एक घर अर्दोचं, देकामावशीच्या मैत्रिणीचं, अगदी शेजारचं. मधे काट्यांचं कुंपण, आणि त्या कुंपणाला चहाचा पेला पलीकडे जाईल एवढं भोक. अर्दोची थोरली मुलगी इदिल एकवीस वर्षांची. गावातल्या दवाखान्यात ती फुकट राबायची, बाळंतिणींना पाणी देण्यापासून मलमपट्टी करण्यापर्यंत. तिला गारिसाच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. आमच्या गावातून अशी जागा मिळालेली ती पहिली मुलगी. सगळी कागदपत्रं झाली, फक्त ओळखपत्र राहिलं होतं. ते नसेल तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

कचेरीत जाऊन आलेली इदिल दुपारी दुकानात शिरली ती फोन डब्यात टाकायलाही विसरली. "मावशी, मी बोट ठेवलं आणि यंत्र लाल झालं," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, तू या देशाची नाहीस. तू सरहद्दीपलीकडची निर्वासित आहेस, छावणीत तुझी नोंद आहे. मी म्हटलं, मी इथंच जन्मले. त्या म्हणाल्या, मग तुझं बोट खोटं बोलतं का?"

देकामावशीने गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. भर दुपारी तिचं दुकान बंद झालेलं आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

इदिलला थोडंसं आठवत होतं. हिरवा उजेड असलेली काच, आणि आईने पाठीवर ठेवलेला हात. बाकीचं देकामावशीला आठवत होतं.

त्या दुपारच्या बारा वर्षं आधी दोन पावसाळे कोरडे गेले. आधी शेळ्या गेल्या, मग गाई, शेवटी उंटही बसले ते उठेनात. लॉरीने तीन तासांवर निर्वासितांची छावणी होती. तिथे सरहद्दीपलीकडून आलेल्यांना पीठ, तेल, कडधान्य मिळे. आम्ही अलीकडचे, आम्हाला काही नाही. दुष्काळाला सरहद्द कळत नाही, पिठाला कळते. पलीकडच्यांची भाषा आमचीच, देव आमचाच, सोयरीकसुद्धा आमच्यातच. तेव्हा मायबापांनी पोरांना घेऊन छावणी गाठली आणि आम्ही पलीकडचे आहोत असं सांगितलं. सांगायला फक्त दुसरं नाव हवं, गाव हवं आणि पळून आल्याची गोष्ट हवी.

ती नावं, ती गावं देकामावशीने दिली. तेव्हा ती कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसे. लोक येत, ती प्रत्येकाला एक गाव रचून देई. विहिरी किती, मशिदीचं दार कुठल्या दिशेला, पळताना नदी कुठे ओलांडली, सगळं पाठ करून घेई. एकच गोष्ट दोघांच्या तोंडी जाऊ नये म्हणून वहीत टिपून ठेवी. डावीकडे खरं नाव, उजवीकडे खोटं. एकशे त्रेचाळीस ओळी झाल्या. पोरांनी हसत हसत काचेवर बोटं ठेवली, मागून गोणी मिळाली. पीठ संपलं की गोष्टही संपेल असं आम्हाला वाटलं होतं. आमच्या बापजाद्यांनी छावणीच्या संगणकासारखी कधी न संपणारी वही पाहिली नव्हती.

ती पोरं मोठी झाली आणि एकेक अडकू लागली. इदिलच्या आधी सात-आठजण तरी अडकले होते. कुणी मुकाट्याने गुरांमागे गेलं, कुणी मोम्बासाला जाऊन कुणाच्या तरी नावावर हमाली करू लागलं. देकामावशीला प्रत्येकाचं कळत होतं. तिने फक्त डब्याचं झाकण आणखी घट्ट केलं होतं.

त्या संध्याकाळी कुंपणाच्या भोकातून चहाचा पेला आला, पण अर्दोने तो सोडला नाही.

"तू काही बोलायचं नाहीस," अर्दो म्हणाली.

"कशाबद्दल?"

"मला शिकवू नकोस. वहीबद्दल. खोटे कागद करून दिलेस म्हणून तुला आत टाकतील. दुकान जाईल. तुझं वय काय आता?"

"साठीला दोन कमी. तुझ्याहून एकानं लहान."

"दोनानं मोठी आहेस. ऐक माझं. पोर एक वर्ष थांबेल. काहीतरी होईल."

"काय होईल? त्या सात-आठांचं काय झालं?"

अर्दोने पेला आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "बोट मी ठेवायला लावलं. तिला तहान लागली होती, ती रडत होती, आणि मी तिच्या उजव्या हाताचं बोट धरून काचेवर ठेवलं. हे माझं आहे, देका. तुझं नाही."

"पेला सोड, चहा निवतोय," देकामावशी म्हणाली. पेला घेऊन ती आत गेली आणि जुन्या टाइपरायटरच्या पेटीतून वही काढली. मग प्रिंटरच्या कागदाचं रिकामं खोकं घेतलं आणि कात्रीने त्याचं काहीतरी कापत बसली.

दीड महिन्याने, यंत्राने असे अडवलेल्यांची पडताळणी करणारी मंडळी आली. शाळेच्या खोलीत टेबल मांडलं, मागे गावचे तीन वडीलधारे, दाराशी दोन पोलीस, आणि टेबलावर संगणकापाशी पुन्हा मुसेम्बी साहेब. या खेपेला शर्टाची इस्त्री मोडली होती. कॉलेजने जागा धरायला दिलेली मुदत संपत आली होती.

वडीलधाऱ्यांनी इदिलला आमच्या रीतीप्रमाणे विचारलं. तिने बाप, आजा, पणजा असं करत अकरा पिढ्या एका दमात म्हणून दाखवल्या. बाराव्या नावाला अडखळली, तर सगळ्यात म्हाताऱ्याने ते स्वतःच सांगून टाकलं. "आमच्यातली आहे," ते म्हणाले. मुसेम्बींनी मान हलवली. "मला पटतं. पण पणजोबा लिहायला यात रकाना नाही. यात बोट आहे, आणि बोट म्हणतं ही दुसरीच कुणीतरी आहे."

"ती दुसरी मी केली," मागून आवाज आला.

देकामावशी पुढे आली. काखेत वही होती. "तुमच्या पडद्यावर काय आहे ते मला दिसत नाही," ती म्हणाली. "मी वाचते, तुम्ही ताडून पाहा." तिने वही उघडली आणि पानावर पुठ्ठा ठेवला. पुठ्ठ्याला मधोमध एक फट कापलेली, एका ओळीएवढी. त्या फटीतून जेवढं दिसलं तेवढंच तिने वाचलं. "खरं नाव इदिल. दिलेलं नाव हलीमो. गाव गुमारे. दोन विहिरी, चिंचेचं झाड. नोंदीचा दिवस, रमजानच्या आधीचा सोमवार."

मुसेम्बींनी पडद्यावर बोट फिरवत नोंद शोधली. "हलीमो. गुमारे," ते म्हणाले. "बाई, हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग बारा वर्षांनी कशाला सांगता?"

आता ही काहीतरी तिखट बोलणार, असं आम्हाला वाटलं. पण तिचा आवाज बारीक झाला. "साहेब, त्या दुष्काळात मी छावणीत गेले नाही. मी शिकलेली, माझा ताठा मोठा. लोकांना खोटं लिहून द्यायला लाज वाटली नाही, स्वतः बोलायला वाटली. आणि मग माझ्याकडे खायला काही उरलं नाही. तेव्हा हिची आई अर्दो दर पंधरा दिवसांनी कुंपणातून वाडगाभर पीठ द्यायची. या पोरीच्या वाट्याचं. चार महिने मी तेच खाल्लं. माझं बोट स्वच्छ राहिलं म्हणून मी गावभर मिरवते, पण ते स्वच्छ राहिलं ते या पोरीनं आपलं काचेवर ठेवलं म्हणून. मी जिवंत आहे ती हिच्यामुळं. एवढे उपकार माझ्यावर कुणाचेच नाहीत, आईबापांचेही नाहीत."

इदिलला हे पहिल्यांदाच कळत होतं.

मुसेम्बींनी हात पुढे केला. "वही द्या. सगळ्यांची नावं एकदम घेतो. एकशे कितीजण असतील त्यांचं काम एका फटक्यात होईल."

"नाही," देकामावशी म्हणाली.

"मी मदत करतोय, बाई."

"कळतंय मला. पण ज्याचं त्यानं यावं. ज्याला सांगायचं नाही, त्याचं नाव मी कोण देणारी? एकदा मी सगळ्यांना नावं वाटली, त्याचंच तर हे झालं."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. तुमच्यानंतर या खुर्चीत जो बसेल, त्याला मी ओळखत नाही."

दाराशी दोन पोलीस होते आणि टेबलापलीकडे एकटी बाई. वही हिसकावून घेणं काही अवघड नव्हतं. मुसेम्बींनी वहीकडे पाहिलं, पुठ्ठ्याच्या फटीकडे पाहिलं. मग पोलिसांना म्हणाले, "जा, चहा पिऊन या." आणि कागदावर त्यांनी लिहिलं, साक्षीदार एक, स्त्री, गावाच्या माहितीतली. नाव लिहिलं नाही. असे साहेब असतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गाव अजून त्यांच्यासाठी दुवा मागतं.

निघताना ते दारात थांबले. "तुम्ही सभेत खोडरबर मागितलं होतंत."

"हो."

"आहे ते. नैरोबीला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद असते आणि माणूस एकच आहे. पण आहे."

त्या एका माणसाला इदिलच्या कागदापर्यंत पोचायला नऊ महिने लागले. त्या वर्षीची जागा गेलीच. अर्दो रोज कुंपणातून विचारी, "आलं का?" आणि देकामावशी म्हणे, "जिना चढतंय." पुढच्या वर्षी कॉलेजने पुन्हा बोलावलं, आणि प्रवेशाला चार दिवस उरले असताना कार्ड हातात आलं. इदिल ते घेऊन धावत दुकानात आली. देकामावशीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, आणि झेरॉक्स काढायला साफ नकार दिला. "त्या मशीनच्या पोटात राहतं," ती म्हणाली.

मग तिने वही काढली, कात्रीने इदिलची ओळ कापली आणि ती कागदाची पट्टी तिच्या हातावर ठेवली. "तुझी ओळ तुझी. जाळ नाहीतर ठेव."

इदिलने पट्टी वाचली. "मावशी, हे गुमारे कसं आहे गं?"

"मला काय ठाऊक. माझ्या डोक्यातलं गाव. पण पीठ चांगलं होतं तिथलं."

इदिलने पट्टी कार्डाच्या मागे घालून ठेवली, अजून तिथेच आहे. त्यानंतर लोक येऊ लागले. कुणी मोम्बासाहून, कुणी गुरं सोडून, आठवड्याला एखाद-दुसरा. फोन डब्यात टाकायचे आणि हळू आवाजात आपलं नाव सांगायचे. देकामावशी पुठ्ठा ठेवी, ओळ वाची, सोबत पडताळणीला जाई. काम झालं की कात्री. वहीची पानं आता झालरीसारखी लोंबतात. काही ओळींचे धनी आलेच नाहीत, त्यांच्यावरचा पुठ्ठा तिने कुणासाठी सरकवला नाही.

गेल्या महिन्यात इदिल सुट्टीवर आली. दुसऱ्या वर्षाला आहे, पांढरा कोट आणलाय, तो अर्दोने तीनदा धुतला. देकामावशी हल्ली सारखी पाणी पिते, चहात चार चमचे साखर घालते आणि दुपारी खुर्चीतच पेंगते, हे तिने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती पिशवीतून एक छोटं यंत्र काढून दुकानात आली. रांगेत पाच-सहाजण होते.

"मावशी, साखर बघायची आहे रक्तातली. बोट दे."

रांगेतले सगळे पुढे सरकून पाहू लागले. एकजण हळूच म्हणाला, "पोरी, बँकेनं मागितलं होतं. बँक सोडली तिनं."

देकामावशीने यंत्र हातात घेतलं, खालून-वरून पाहिलं. "हे कुठं पाठवतं?"

"कुठंच नाही."

"आणि लक्षात ठेवतं?"

इदिलने खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. "ठेवतं," ती म्हणाली. "पाचशे आकडे ठेवतं. पण हे बटण दाबलं की पुसतं. तुझा आकडा मी तुझ्यासमोर पुसते."

"खोडरबर आहे म्हणायचं याला."

"आहे."

देकामावशीने हात सात-आठ वेळा तरी पदराला पुसले असतील. डाव्या हाताची बोटं पुढे केली, मागे घेतली. मग उजव्या हाताची तर्जनी सरळ केली आणि इदिलच्या तळहातावर ठेवली.

"हेच घे," ती म्हणाली. "तूही हेच दिलं होतंस."